सगळी सोंगं आणता येतात

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की कथा-कादंबरी-नाटकातली लपवलेली ओळख, म्हणजे माणूस एक आणि जगाला दिसतंय दुसरंच, यावर काय विचारायचं ते विचारा. म्हटलं चार पत्रं येतील. आली ती गठ्ठ्याने, आणि बऱ्याच जणांनी प्रश्नाच्या नावाखाली आपली अख्खी कथाच पाठवून दिली. वाचल्या सगळ्या. लिहिणाऱ्यांची नावं यावेळी छापत नाहीयोत, विषयच तसा आहे.

प्रश्न: मी इंदूरला सुदामानगरात राहतो, बँकेतून रिटायर झाल्यावर लिहायला लागलो. माझ्या कथेत जेल रोडजवळच्या जुन्या वाड्यात एक म्हातारी बाई एकटी राहते, वरची खोली किरायाने देते. किरायेदार चाळिशीचा, अबोल. शेवटच्या पानावर कळतं की तो तिचाच, लहानपणी घरातून पळून गेलेला मुलगा आहे. पण घरात ज्यांना ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात दुसऱ्या पानावरच कळलं. अजून चांगलं कसं लपवू?

काका, लपवूच नका.

एकटी म्हातारी, वर्षानुवर्षं बंद असलेली खोली आणि अचानक उगवलेला गप्प गप्प माणूस, एवढं सामान एका वाड्यात आणून ठेवलं की कोणीही ओळखणार, वर तुम्ही त्याला 'ओळखीचं हसू' पण देऊन ठेवलंय! आता कितीही झाकलंत तरी वाचक तुमच्या दोन पावलं पुढेच राहणार. म्हणून आधी एक ठरवा की गुपित आहे कोणापासून, कथेतल्या माणसांपासून की वाचकापासून. या दोन वेगळ्या कथा आहेत आणि तुम्ही दोन्ही एकदम लिहायला बघताय.

वाचकापासून लपवलं तर तुमच्या हाती काय लागतं, तर शेवटी एक धक्का, तोही एकदाच. आणि त्या एका धक्क्यासाठी आधीची सगळी पानं हात बांधून लिहावी लागतात, कारण तो मुलगा मनात काय बोलतोय ते लिहिता येत नाही, लिहिलं की फुटलं. म्हणजे ज्याच्या पोटात सगळ्यात जास्त आहे तोच मुका. त्यापेक्षा पहिल्याच पानावर सांगून टाका की हा तिचा मुलगा आहे आणि तिला माहीत नाही. मग बघा, ती त्याला चहा देते आणि विचारते, साखर किती घालू. एवढंच. वाचकाला माहितीये की ही त्याची आई आहे आणि तिला हे विचारावं लागतंय. असे दहा प्रसंग तुमच्या कथेत आत्ताच आहेत, तुम्ही ते नुसते झाकून ठेवलेत.

विराटपर्व काढून बसा एकदा. बारा वर्षं वनवास, तेरावं अज्ञातवासाचं, आणि त्या एका वर्षात कोणी ओळखलं तर परत बारा वर्षं वनात, ही अट आपल्याला आधीच माहीत असते. कंक म्हणजे युधिष्ठिर, बल्लव म्हणजे भीम, बृहन्नडा म्हणजे अर्जुन, ग्रंथिक नकुल, तंतिपाल सहदेव, सैरंध्री द्रौपदी, हेही माहीत. आपल्यापासून काहीच लपवलेलं नाही तरी आपण श्वास धरून वाचतो. कीचक भर सभेत सैरंध्रीला लाथ मारतो, तिथे कंक बसलाय, बल्लवही आहे, म्हणजे दोन नवरे समोर आणि दोघांनाही हलायची सोय नाही. भीमाची नजर झाडाकडे जाते, उपटून घालावं डोक्यात म्हणून, आणि युधिष्ठिर त्याला काय म्हणतो तर, आचाऱ्या, सरपणासाठी झाड बघतोयस का, लाकूड हवं असेल तर बाहेर जाऊन तोड. सभेला जे ऐकू आलं ते एक, भीमाला दुसरं, आणि द्रौपदीला काय ऐकू आलं असेल ते तुम्हीच बघा. वाचकाला आधीपासून माहीत नसतं तर हे वाक्य स्वयंपाकघराच्या हिशोबाचं झालं असतं.

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. पांडवांना गप्प राहायला अट होती. तुमचा मुलगा का गप्प आहे? मी शोधलं, सापडलं नाही. तो शेवटच्या पानापर्यंत बोलत नाही कारण लेखकाला शेवटच्या पानापर्यंत थांबायचंय. त्याला त्याचं स्वतःचं कारण द्या. वाडा बिल्डरला जायच्या आधी सही घ्यायला आलाय, जाताना वडिलांचे पैसे घेऊन पळाला होता, काहीही चालेल, पण ते कारण असं हवं की एक एक दिवस गेला तशी सांगायची हिंमत कमी होत जाईल. पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. महिन्याभराने ते सांगणं म्हणजे महिनाभर खोटं बोलल्याची कबुली, आणि इथून पुढे कथा आपोआप चढत जाते, तुम्हाला ढकलायला लागत नाही.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ सुपरहिरोवाल्या पिक्चरचा वेडा आहे. मी त्याला म्हणते नुसता चष्मा लावला की माणूस ओळखू येत नाही हे कसं शक्य आहे, त्यावर आमची रोज भांडणं होतात. तुम्हीच सांगा. (कॉलेजमधली वाचक, तिलकनगर)

भाऊ थोडा बरोबर आहे. सुपरमॅन 1938 मध्ये आला, जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी तो काढला, आणि तेव्हापासून लोक तुझाच प्रश्न विचारतायत. पण गंमत अशी की तो उडतो तेव्हा त्याच्या तोंडावर मुखवटा नसतो. तोंड उघडं टाकून फिरणारा माणूस काही लपवत असेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून कोणी शोधतच नाही. बॅटमॅन मुखवटा घालतो, त्यामुळे आत कोण आहे ही चौकशी पहिल्या दिवसापासून सुरू. आणि 1978 च्या सिनेमात ख्रिस्तोफर रीव्हने हे अंगाने करून दाखवलंय, खांदे पाडतो, पाठ वाकवतो, आवाज बदलतो, चष्मा आपला नावाला. भावाबरोबर बसून बघ.

या सगळ्यांचं मूळ त्याच्याही मागे आहे. बॅरोनेस ऑर्झीची 'द स्कार्लेट पिंपरनेल' ही कादंबरी 1905 ची, त्यात फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांना गिलोटिनवरून सोडवून आणणारा शूर माणूस स्वतःच्या घरी कपड्यांच्या नादात असलेला मूर्ख सरदार म्हणून वावरतो, बायकोसुद्धा त्याला हसते. मग 1919 मध्ये झोरो आला, तोही दिवसा आळशी, बावळट. म्हणजे ही माणसं चष्म्याच्या मागे लपत नाहीत, लोकांना आपल्याबद्दल जे फालतू वाटतं त्याच्यामागे लपतात. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधल्या काळापहाड आणि झुंजारवर पिढ्या वाढल्या, आजोबा असतील तर विचार त्यांना, डोळे चमकतील.

आणि खरं सांगू का, चष्माही नको. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत तुम्ही ज्याच्याकडून पोहे घेता त्याचा चेहरा आत्ता आठवून सांग. नाही ना आठवत? विराटाच्या घरी आचारी, घोडेवाला, गुराखी, वेणीफणी करणारी दासी, सगळी वेषांतरं नोकरांचीच का आहेत ते यात आलं.

प्रश्न: लपलेली ओळख उघडी पडायचा सीन कुठे ठेवायचा? माझ्या दोन अंकी नाटकात मी तो अगदी शेवटी ठेवलाय, पण दिग्दर्शक म्हणतो मध्यंतराच्या आधी आण.

दिग्दर्शकाचं ऐका, पण त्यातही एक मधला रस्ता आहे. एकदम सगळ्यांना कळू देऊ नका, एकेकाला कळू द्या.

परत विराटाकडेच जातो, कारण तिथे हे फार झकास केलंय. सगळ्यात आधी कळतं कोणाला, तर उत्तराला, जो कौरवांची सेना बघून रथातून उडी मारून पळत सुटला होता. शमीच्या झाडावरची शस्त्रं काढताना अर्जुन त्याला सांगतो मी कोण, आणि हा पोरगा विश्वास ठेवत नाही, म्हणतो अर्जुनाची 10 नावं सांग आणि का पडली तेही सांग. (आपल्या भाषेत ओटीपी मागितला.) मग समोरच्या सेनेत द्रोण-भीष्मांना कळतं. आणि ज्याच्या घरात वर्षभर राहिले त्या विराटाला सगळ्यात शेवटी. मधल्या वेळात तो मुलाच्या विजयाच्या आनंदात द्यूत खेळत बसलाय, कंक सारखा म्हणतो बृहन्नडा सारथी असल्यावर जिंकणारच, राजा चिडून फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो, नाकातून रक्त येतं. कंक ते रक्त ओंजळीत धरतो, जमिनीवर पडू देत नाही, सैरंध्री पळत भांडं घेऊन येते. आणि तो द्वारपालाला हळूच सांगतो की उत्तराला एकट्यालाच आत सोड, बृहन्नडेला नको. कारण युद्धाबाहेर युधिष्ठिराचं रक्त काढणाऱ्याला जिवंत सोडायचं नाही असा अर्जुनाचा पण. बिचाऱ्या विराटाला पत्ताच नाही की आत्ता दारावर कोण थांबवलं म्हणून तो वाचला. तुमच्या नाटकात असा सीन कोणाला कळलंय आणि कोणाला नाही याच्या फरकातूनच निघेल, सगळ्यांना एकदम कळलं की हा फरकच संपतो.

राहिलं कशावरून कळावं. जन्मखूण, लॉकेट, अर्धा फोटो, हे कृपा करून बंद करा. ॲरिस्टॉटलने सुद्धा खुणांवरून ओळख पटवणं हा सगळ्यात कमी कलेचा प्रकार म्हणून खाली टाकलाय, आणि घटनांमधूनच जी उलगडत येते ती ओळख सर्वात वर. माझं मत विचाराल तर कामावरून, हातावरून कळावं. नल बाहुक होऊन ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला, रूप पार बदललेलं, दमयंतीने कसा पकडला? दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी पाठवली, तीही उद्याच आहे म्हणून, कारण तेवढ्या वेळात रथ आणणारा एकच माणूस तिला माहीत होता. मग दासीकरवी त्याने रांधलेलं मागवून चव घेतली. मग पोरांना पाठवलं. पोरांना बघून हा रडला, आणि वर सारवासारव करतो की माझी मुलं अशीच दिसतात म्हणून रडू आलं. इतकं गोड खोटं दुसरीकडे वाचलेलं आठवत नाही.

प्रश्न: आमच्या महिला मंडळाच्या एकांकिकेत पुरुषाने बाई बनून घुसायचा प्रसंग आहे. मुली म्हणतात मावशी, हे जुनं झालं, काढा. काढू का?

काढू नका मावशी, पण विनोद साडीचा करू नका. पुरुषाने पदर सावरला की लोक हसतात, पण तेवढ्यावर पाच मिनिटं निघतात, एकांकिका नाही. बाई म्हणून वावरताना त्याला जे ऐकायला मिळतं, जे पुरुष समोर असताना घरात कोणी बोलत नाही, ते लिहा, बायकांनी लिहिलंत तर ते तुमच्याइतकं कोणाला जमणारही नाही. आणि प्रेक्षकांना पहिल्यापासून माहीत असू द्या. बहुरूपी इन्स्पेक्टर बनून दारात यायचा, दम द्यायचा, घरातले सगळे त्याला ओळखायचे आणि तरी घाबरल्यासारखं करून पैसे काढायचे, नाटकातलं वेषांतर याच करारावर चालतं. 'संगीत सौभद्र' नाटक 1882 पासून चाललंय, त्यातला तो यती, म्हणजे संन्यासी, हा अर्जुन आहे हे आख्ख्या थिएटरला माहीत, बलरामाला मात्र पत्ता नाही, आणि तोच त्याची सगळ्यात जास्त सरबराई करतो.

प्रश्न: आजच्या काळात लपून राहायचं कसं दाखवणार? आधार आहे, सीसीटीव्ही आहे, फेसबुक आहे. माझी कादंबरी या एका गोष्टीवर अडलीये. (विजयनगर)

आपल्यात म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. ही म्हण आता शब्दशः खरी झालीये. तुमचा नायक सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला उभा आहे, नाव सांगतो समीर. बरोबरची मैत्रीण म्हणते मी दिले सगळ्यांचे, तू मला तुझे टाक, किंवा थांब, मीच तुझा क्यूआर स्कॅन करून मागचे उरलेले परत देते. स्कॅन केला की तिच्या फोनवर बँकेतलं नाव येतं. समीर नाही, दुसरंच. गराडू गरम आहेत, मागून गर्दी ढकलतेय, जीरावन मसाला अजून टाकू का म्हणून दुकानदार विचारतोय, आणि ती पैसे पाठवायचं बटन दाबत नाहीये. एवढा प्रसंग तुम्हाला आयता दिला, घ्या.

म्हणजे टेक्नॉलॉजीने अडचण झाली हे खरं नाही, उघडं पडायच्या जागा वाढल्या. ट्रूकॉलर घ्या, त्यात आपण सांगितलेलं नाव दिसेलच असं नाही, लोकांनी आपल्याला ज्या नावाने सेव्ह केलंय ते दिसू शकतं. जुन्या गावातल्या कोणीतरी 'पप्पू उधारी' म्हणून सेव्ह केलं असेल तर नव्या गावात ऑफिसच्या फोनवर तेच उगवायचं. फक्त एक करा, नायकाला सगळं माहीत असलेला हॅकर बनवू नका. हॅकर झाला की त्याला भीतीच राहत नाही आणि कादंबरी कॉम्प्युटरच्या दुकानात शिरते.

हेच सुदामानगरच्या काकांनाही सांगायचं होतं. काका, आजकाल किरायेदार ठेवताना आधारची झेरॉक्स घेतात, पोलीस थाण्यात माहिती द्यावी लागते. म्हणजे तुमच्या म्हातारीने पहिल्याच दिवशी झेरॉक्स घेतली असणार आणि चष्मा लावून वाचली असणार, वडिलांचं नाव सुद्धा. आता बोला! मग लपवतंय कोण? तो तिच्यापासून की ती त्याच्यापासून? साखर किती, हे ती कशाला विचारत असेल? मला वाटतं तुमची कथा इथे आहे, आणि या एका बाबतीत वाचकाला थोडं उशिरा सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

प्रश्न: 'तो मी नव्हेच' मध्ये एकच नट एवढी रूपं घेतो ते नाटकाच्या गरजेपोटी की नुसती करामत? आमच्याकडे सानंद संस्थेचं नाटक बघून घरी येताना यावर वाद झाला.

दोन्ही. अत्र्यांचं हे नाटक 1962 चं, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका, त्यामुळे करामत तर होतीच. पण कोर्टात आरोपी म्हणतोय मी निपाणीचा तंबाखूवाला, हे सगळे उद्योग करणारा मी नाहीच, आणि तुमच्यासमोर तोच नट एकेका रूपात येऊन जातोय. वेगवेगळे नट घेतले असते तर प्रेक्षकाला पण शंकेचा फायदा द्यावा लागला असता. इथे प्रेक्षक पहिल्यापासून साक्षीदार आहे, फक्त त्याला साक्षीला कोणी बोलवत नाही.

प्रश्न: प्रश्न कथेतल्या पात्राबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. मला सासरच्या घराबद्दल लिहायचंय, टोपणनावाने. पण इंदूरचे मराठी लोक तुम्हाला माहितीयेत, लोकमान्यनगरला शिंकलं की पलासियाला कळतं. लपून राहता येईल का?

ताई, येईल, थोडे दिवस. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने आलं, शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड की गदारोळ झाला, आणि ही बाई आहे तरी कोण यावर लोक हैराण. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. आणि बघा, लोकांना पुस्तकात काय आहे यापेक्षा लिहिलं कोणी याचीच उत्सुकता जास्त होती, ती तुमच्याही वाट्याला येणार हे धरून चाला.

नाव बदललं म्हणून माणूस पकडला जात नाही असं नाही, तो तपशिलाने पकडला जातो. सासूबाईंची बोलायची लकब, कुळाचाराला होणारा तो एकच पदार्थ, जिन्याखाली ठेवलेली सायकल, यातलं एक जरी जसंच्या तसं गेलं तर नणंद पहिल्या परिच्छेदात ओळखेल. तेव्हा घर बदला, गाव बदला, इंदूरचं बडोदा करा, सासूबाईंच्या जागी मोठ्या जाऊबाई आणा, पण जे दुखलं ते मात्र जसंच्या तसं ठेवा, तिथे हात लावू नका. आणि टोपणनाव घेतलं म्हणून कोणावर खोटे आरोप केलेले चालतात असं नाही, बदनामीचा दावा खऱ्या नावावर येतो.

बाकी व्यवहाराचं सांगतो. संपादकाला खरं नाव द्यावंच लागेल, मानधन टोपणनावाच्या खात्यात जमा होत नाही, तेव्हा खरं नाव फक्त संपादकाकडे राहील एवढं मेलवर लिहून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाचा हक्क छापल्यापासून 60 वर्षं चालतो, तुम्ही त्या मुदतीत खरं नाव जाहीर केलंत तर मग तुमच्या पश्चात 60 वर्षं. म्हणजे जाहीर करायची घाई नाही. आणि नाव निवडताना माहेरच्या आडनावाची उलटापालट किंवा मुलीचं नाव लावणं असलं काही करू नका, मंडळात बसलेल्या बायका हे कोडं पापड लाटता लाटता सोडवतात. कथा तयार झाली की आमच्याकडेच पाठवा, पण घरातल्या कॉम्प्युटरवर उघडी ठेवून चहा टाकायला जाऊ नका.